बांधावरची झाडं आणि बासष्ट हजारांचं मशीन

वाचकाचं पत्र, नाव-गाव वगळून, थोडक्यात:

चोपडा तालुक्यातले एक शेतकरी लिहितात, "वय ३६. नऊ एकर बागायत. चार एकर केळी, बाकी कापूस आणि मका. बांधाला आणि नाल्याकाठी बाभळी, निंब, काही जुन्या चिंचा. दर मे-जूनच्या वादळात दोन-चार झाडं आडवी होतात, रस्ता अडतो, ठिबकच्या नळ्या दबतात. चेनसॉने (झाडं कापायच्या साखळी-करवतीने) झाडं कापणारा मशीनवाला दिवसाला अडीच हजार घेतो आणि नेमक्या गरजेला येत नाही. गेल्या वर्षी त्याचे सहा दिवस भरले. तोडताना त्याच्या पायाला चेन लागली, सोळा टाके पडले. म्हणून यंदा आखाजीला (अक्षय तृतीयेला) स्वतःचं मशीन घ्यायचं ठरवलं. जळगावच्या दुकानात दोन पाहिली. एक ४५ सीसीचं, १८ इंची बारचं (बार म्हणजे चेन फिरते ते लांब पातं), ३५ हजारांचं. दुसरं ७२ सीसीचं, व्यावसायिक, ६२ हजारांचं. शिरपूरचे शालक म्हणतात, एकदाच घ्या पण भारी घ्या, शिवारात भाड्याने फिरवलं तर वर्षात पैसे वसूल. बायको म्हणते, वरच्या पैशांत दोन एकरांच्या ठिबकच्या नळ्या बदलतील. आठ दिवस घरात नीट बोलणं नाही. चुकीचं घेतलं तर गावात हसू होईल. कोणतं घेऊ?"

भाऊ,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. तुम्ही पत्रात लिहिलंय तेवढंच काम असेल तर ४५ सीसीचं मधलं (घरगुती आणि व्यावसायिक यांच्या मधलं) मशीन घ्या. वाचलेल्या सत्तावीस हजारांतले पहिले पैसे तुमच्या पायांवर, डोक्यावर आणि कानांवर खर्च करा. उरतील ते ठिबकला लावा. वहिनींचं म्हणणं हिशेबाला धरून आहे.

पण हे उत्तर लिहून मी थांबलो नाही, कारण पत्रातल्या एका ओळीवर माझी नजर अडकली. मशीनवाल्याच्या पायाला चेन लागली, सोळा टाके पडले, आणि तुम्ही लगेच लिहिलंत, "म्हणून यंदा स्वतःचं मशीन घ्यायचं ठरवलं." भाऊ, तो रोज मशीन चालवणारा माणूस होता. हाताला सराव असलेल्याला सोळा टाके पडले, तर आखाजीनंतर तुमच्या शेतात ते मशीन कोण धरणार? तुम्ही? की सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी)? पत्रात याचं उत्तर नाही. ३५ की ६२ हे त्यानंतर येतं.

आधी मशीनचं बोलू. व्यावसायिक मशीन महाग का, हे दुकानदार नीट सांगत नाही, नुसतं "हेवी आहे" म्हणतो. खरा फरक आत असतो. व्यावसायिक मशीनमध्ये क्रँककेस (इंजिनचा खालचा डबा) मॅग्नेशियमची, धातूची असते. बेअरिंग, सिलिंडर, पिस्टन एकेक सुटं काढून बदलता येतं. म्हणून ते वर्षानुवर्षं रोज चालवून, पुन्हा बांधून, पुन्हा चालवता येतं. मधल्या मशीनच्या रचनेत प्लॅस्टिकचा भाग जास्त असतो आणि इंजिन उघडून बांधणं तितकं सोपं नसतं. बारला जाणारं ऑइल बहुतेक व्यावसायिक मशीनवर कमी-जास्त करता येतं, मधल्या बऱ्याच मशीनवर ते ठरलेलं असतं. हादरे शोषायची सोय आणि हवेचा फिल्टरही वरचढ असतो. ताकदीचं म्हणाल तर ४५ सीसीला साधारण ३ अश्वशक्ती मिळते, ७२ सीसीला ५ च्या वर. पण वजनही वाढतं. बार-चेन आणि टाकीतलं पेट्रोल धरून मोठं मशीन आठ-नऊ किलोंच्या घरात जातं, मधलं सहा-साडेसहाला थांबतं. हा फरक दुकानात हातात घेऊन कळत नाही. बाभळीच्या काट्यांत वाकून अर्धा तास फांद्या छाटल्या की मनगटाला आणि कमरेला कळतो. आणि मशीन अंगाला लागतं ते थकलेल्या हातातून.

आता तुमच्या कामाचं माप काढू. सहा दिवस म्हटले तरी चेन लाकडात फिरते ती दिवसातले तीन-चार तास. बाकी वेळ फांद्या ओढण्यात, चहात, चेन घासण्यात जातो. म्हणजे वर्षाला वीस-चोवीस तास. दहा वर्षांत अडीचशेच्या आत. जंगलात तोडणीचं काम करणारे लोक तेवढे तास दोन-तीन महिन्यांत काढतात, व्यावसायिक मशीन त्यांच्यासाठी बनतं. नीट राखलेलं चांगल्या कंपनीचं मधलं मशीन अडीचशे तास आरामात काढतं. न राखलेलं ६२ हजारांचं मशीन मात्र दुसऱ्या पावसाळ्यात दोरी ओढून ओढून सुरू होत नाही, आणि तसं मशीन कोपऱ्यात पडलेलं तुम्हीही कुठल्या ना कुठल्या खळ्यात पाहिलं असेल.

"भारी घेतलं की टिकतं" हा समज म्हणूनच तपासून घ्यायला हवा. ही दोन्ही मशीनं टू-स्ट्रोक आहेत. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळूनच चालतात, आणि दोन्ही मरतात ती त्याच चार कारणांनी. मिश्रण अंदाजाने केलं, हे पहिलं. पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल, मापाच्या बाटलीने. "थोडं जास्त घाल, इंजिन गार राहील" हेही चूक आणि साध्या पेट्रोलवर एकदा चालवणं तर पिस्टन घालवणंच. दुसरं, जुनं पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. कॅनमध्ये महिन्याच्या वर मिश्रण ठेवू नका. हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. तिसरं, ट्रॅक्टरचं जळकं ऑइल चेनला घालणं. आपल्याकडे सर्रास घालतात. त्यात लोखंडाची बारीक भुकटी असते, ती बार आणि ऑइल पंप दोन्ही खाते. शिवाय तेच तुमच्या अंगावर उडतं. चौथं, बोथट चेन.

या चौथ्यावर थोडं थांबतो, कारण "मोठं मशीन लवकर कापतं" हे वाक्य मला दर पत्रात दिसतं. लाकूड कापतात ते चेनचे दात. धारदार चेनचं ४५ सीसी मशीन बोथट चेनच्या ७२ सीसीला मागे टाकतं, हे कुठल्याही लाकूडतोड्याला विचारा. ओळखायचं कसं? लांबट चिपा पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडायला लागला, मशीन दाबावं लागलं, धूर निघाला, की थांबा आणि कानस काढा. पेट्रोल दरवेळी भरताना दोन-तीन हात कानस मारायची सवय लागली तर चेन जास्त दिवस चालते. कानस गोल हवी आणि चेनच्या मापाची हवी. .३२५ इंची चेनला ४.८ मिलिमीटरची, ३/८ ला कंपनीप्रमाणे ५.२ किंवा ५.५ ची. दुकानदाराकडून चेनचं माप बिलावर लिहून घ्या. आपल्याकडची सुकी बाभूळ दगडासारखी, त्यात बांधावरच्या झाडांत जुन्या कुंपणाची तार आणि खिळे गाडलेले, नाल्याकाठच्या खोडांवर पुराची वाळू बसलेली. एक खिळा लागला की अख्खी चेन गेली. म्हणून दोन जादा चेन घ्या, आणि कापायच्या जागी आधी कोयत्याने साल सोलून बघा.

केळीच्या खांबांना हे मशीन लावू नका. विचारलं नाहीत, पण मशीन घरात आलं की कुणाला तरी सुचतंच. ओला दोरा आणि चीक चेनच्या कव्हरात भरून बसतो. तिथे विळा-कोयताच बरा.

१८ इंची बार तुम्हाला पुरेल का? बाभळी बहुतेक एक-दीड फुटाच्या, निंब दोन फुटांपर्यंत. बारच्या लांबीपेक्षा जाड खोड दोन्ही बाजूंनी कापता येतं, त्याला कौशल्य लागतं पण मोठं मशीन लागत नाही. फक्त ४५ सीसीवर २२ इंची बार चढवून घेऊ नका, दुकानदार "करून देतो" म्हणाला तरी. इंजिन ओढत नाही आणि चेन कोरडी पडते. राहिल्या चिंचा. जुनी चिंच तीन-चार फुटांची असू शकते. ती तोडायची वेळ आलीच तर मोठं मशीन असलेला माणूस एका दिवसापुरता बोलवा. एका झाडासाठी सत्तावीस हजार जादा मोजू नका.

आणि चिंचेला परवानगी लागते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत चिंच, आंबा, साग, मोह, जांभूळ, खैर ही झाडं आहेत. स्वतःच्या सातबाऱ्यातलं असलं तरी आधी अर्ज करावा लागतो. हे मी भाड्याच्या धंद्यासाठी मुद्दाम सांगतोय.

शालकांच्या बोलण्यात तथ्य नाही असं नाही. मशीनला काम आहे, माणूस मिळत नाही, हे तुम्हीच अनुभवलंय. पण तो हिशेब पुरा करून बघा. दिवसाला अडीच हजार येतात तेव्हा त्यातून चालवणाऱ्याची मजुरी, पेट्रोल, टू-टी आणि चेनचं ऑइल, चेनची झीज, गाडीभाडं जातं. मोठ्या मशीनला सतत कापताना तासाला एक लिटरच्या वर मिश्रण धरा. हातात दिवसाला हजार-बाराशे राहिले तर बरे म्हणा. ६२ हजार वसूल व्हायला पन्नास-साठ दिवसांचं बाहेरचं काम लागेल. हे पन्नास-साठ दिवस कुठे आहेत? वादळानंतरच्या पंधरवड्यात सगळ्या शिवाराला एकाच वेळी मशीन हवं असतं, आणि तेव्हाच तुमच्याही केळीत झाडं पडलेली असतात, खचलेले घड उचलायचे असतात. तुमचा मशीनवाला गरजेला येत नव्हता तो याचसाठी. मग तुम्ही कुणाकडे जाणार? जून-जुलै पेरणीचा, पुढे केळीची कटाई, मग कापसाची वेचणी. डिसेंबर ते मार्च थोडी उसंत, आणि तेव्हा सरपणाचं, बांध मोकळे करण्याचं काम खरंच असतं. पण ते काम दर वर्षी पन्नास दिवस मिळेल का, हे शालकांनी शिरपुरात बसून सांगायचं नाही, तुम्ही गावात विचारायचं.

दुसऱ्याच्या शेतात मशीन लावलं की जोखीमही तुमची. मालक म्हणेल, "तोड भाऊ, माझंच झाड आहे." यादीतलं झाड विनापरवाना तोडलं तर चौकशी तुमच्या दारातही येते. आदिवासी भोगवटादारांच्या जमिनीवरच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे, आणि चोपडा-शिरपूर पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याशी अशा जमिनी पुष्कळ. वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारं आणि वाहनं जप्त करायचा अधिकार भारतीय वन अधिनियम, १९२७ देतो. म्हणून भाड्याचं काम घ्यायच्या आधी वन विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात जा. कोणत्या झाडाला तोडीची आणि कोणत्या लाकडाला वाहतुकीची परवानगी लागते, ते लिहून आणा. यात भिण्यासारखं काही नाही. कागद हातात असला की कुणी अडवत नाही.

आता पुन्हा त्या सोळा टाक्यांकडे.

चेनचे दात पायाच्या मांसात ज्या वेगाने फिरतात, त्या वेगात पाय मागे घेणं माणसाला जमत नाही. म्हणून चॅप्स असतात. पुढून बांधायचं जाड कापड, आत लांब धाग्यांचे थर. चेन लागली की धागे ओढले जातात, चाकात गुंततात आणि चेन जागीच थांबते. तुम्ही म्हणाल, मे महिन्यात ४४-४५ अंशांत हे कोण घालणार? प्रश्न रास्त आहे. म्हणून पूर्ण पँट न घेता मागून उघडे चॅप्स घ्या, आणि उन्हाळ्यात मशीन सकाळी सहा ते दहा एवढंच चालवा. दुपारी मशीनही नीट चालत नाही. तापलेल्या इंजिनात पेट्रोलची वाफ होते आणि ते पुन्हा सुरू होत नाही. सोबत जाळीचा पडदा आणि कानांवर बसणारे मफ असलेलं हेल्मेट, आणि पुढे पोलाद असलेले बूट. मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो, कापसाचा बोळा त्याला पुरत नाही. हे सगळं सत्तावीस हजारांत बसून वर पैसे उरतात. चपलेवर आणि लुंगीवर झाड तोडणारी माणसं मी खूप पाहिली. ती धाडसी असतात, पण त्यांच्या घरच्यांना विचारा.

वादळात पडलेलं झाड हे उभ्या झाडापेक्षा धोक्याचं असतं, आणि तुमचं निम्मं काम तेच आहे. आडवं खोड कुठेतरी टेकलेलं, कुठेतरी वाकलेलं असतं. वाकाच्या बाहेरच्या, फुगीर बाजूला लाकूड ताणात आणि आतल्या बाजूला दाबात. दाबाच्या बाजूने खोल कापलं तर बार चिमटीत अडकतो, ताणाच्या बाजूने एकदम कापलं तर खोड फाटून अंगावर येतं. आधी दाबाच्या बाजूला थोडी खाच, मग ताणाच्या बाजूने हळूहळू, आणि उभं राहायचं ते खोड ज्या बाजूला उसळेल त्याच्या उलट. मुळासकट उपटलेल्या झाडाचं खोड कापलं की मुळांची मातीची ढेप झटक्यात पुन्हा खड्ड्यात बसते. त्या ढेपेमागे पोरं खेळत नाहीत ना, हे बघूनच चेन लावा. दुसऱ्या झाडात अडकून तिरकं राहिलेल्या झाडाखाली तर जाऊच नका, ट्रॅक्टरने दोर लावून ओढा. तारेवर पडलं असेल तर आधी महावितरणला फोन. लाइन बंद असल्याचं त्यांच्याकडून कळल्याशिवाय फांदीलाही हात नको.

बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की मशीन उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येतं. नव्या माणसाला इथे गंभीर इजा होऊ शकते. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांडीला पूर्ण वेढलेला हवा, डोकं बारच्या रेषेत नको, खांद्याच्या वर कापायचं नाही आणि दर वेळी सुरू करताना चेन ब्रेक तपासायचा. मोठं मशीन जास्त ताकदीने उसळतं. नवशिक्याला मधलं घ्या म्हणतो त्यामागचं मोठं कारण हे आहे.

सालदाराच्या हाती मशीन द्यायचं असेल तर त्यालाही दुकानात सोबत न्या. चेन ताणणं, ब्रेक, कानस, मिश्रण हे सगळं तुमच्या दोघांसमोर करून दाखवायला लावा. मग दोघांनी स्वतः करून बघा. आणि चॅप्स मालकाला एक, सालदाराला नाही, असं नको. जो मशीन धरेल त्याच्या अंगावर ते असलेच पाहिजेत. एकटं कापायला कधीच जाऊ नका, हाक पोचेल इतक्या अंतरावर दुसरा माणूस हवा.

दुकानात गेलात की बाहेर पाच-सात हजारांना "५८ सीसी" लिहिलेलं मशीनही कुणी दाखवेल. आकड्यावर जाऊ नका. दोन वर्षांनी त्याचा कार्बोरेटर, ऑइल पंप, क्लच मिळेल का, हे विचारा. हाच प्रश्न ३५ हजारांच्या मशीनलाही विचारा. तुम्ही तापीच्या उत्तरेला, दुकान पलीकडे जळगावला. मेमध्ये मशीन बिघडलं तर दुरुस्तीला किती दिवस लागतात? सुटे भाग दुकानात असतात की मागवावे लागतात? चोपड्यात किंवा यावलला त्याच कंपनीचा मिस्त्री असेल, तर थोडं कमी ताकदीचं मशीनही माझ्या मते जास्त चांगलं. आणि मशीन खोक्यात बंद घेऊ नका. सुरू करून, सुक्या लाकडावर दोन काप मारून, तसंच गार न होता पुन्हा सुरू करून दाखवायला सांगा.

गावात हसू होण्याचं म्हणाल, तर ते मला पटत नाही. वादळाच्या दुसऱ्या दिवशी तुमचं मशीन दोन ओढीत सुरू झालं आणि शेजाऱ्याचा रस्ता मोकळा झाला, तर सीसी कुणी विचारत नाही.

शालकांना एवढं सांगा: आधी दोन हंगाम मधल्यावर काढतो. कुणी कामाला बोलावलं, किती दिवस, हातात काय राहिलं, हे वहीत लिहितो. ती वही वर्षाला चाळीस-पन्नास दिवस दाखवायला लागली, चेन घासणारा हात तयार झाला, परवानग्यांची ओळख झाली, तर व्यावसायिक मशीन जरूर घ्या, मग मीही तेच म्हणेन. तेव्हाही ३५ हजार वाया गेलेले नसतील, कारण मोठ्या तोडीला जाणारे लोक दोन मशीनं बाळगतातच. खोडाला मोठं, फांद्यांना हलकं.

आखाजीच्या आधी वहिनींना सोबत घेऊन दुकानात जा. चॅप्सचं माप तिथेच घ्या, आणि मशीनच्या बिलावर ते चढल्याशिवाय पैसे देऊ नका.